शेवटी ‘उला’ आहे म्हणून ते छोटंच असेल असं नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करताय आणि प्रबंधासाठी जुनी लॅटिन वर्णनं वाचताय. वर्गात सांगितलंय की -उलुस, -ओलुस, -कुलुस, -एल्लुस ही सगळी ‘छोटं’ दाखवणारी शेपटं आहेत. मग अर्थ एकच तर रूपं चार कशाला, कुठं कुठलं लावायचं, आणि तुम्हाला सापडलेल्या बारीक फुलांच्या रोपाला ‘फ्लोरुलुस’ असं नाव दिलं तर चालेल का?

खरी अडचण चार रूपांची नाही. तुम्ही शब्द शेवटाकडून वाचताय, ही अडचण आहे. शेपूट ओळखलं की अर्थ कळला असं वाटतं. लॅटिनमध्ये शेपूट ठरतं ते मागच्या शब्दावरून, आणि कित्येकदा तेच शेपूट छोटेपणाचं नसतंच. मागचा शब्द आधी हातात आला की बाकीचं आपोआप सुटतं.

यात किती खोल जायचं, ते तुम्ही काय करणार यावर आहे. फक्त वर्णनं वाचायची असतील तर पन्नासेक शब्द नीट ओळखीचे झाले की काम भागतं. नवं नाव बनवायचं असेल तर मात्र नियम समजून घ्यावा लागेल. मी चोवीस वर्षं हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात, सपुष्प वनस्पतींवर काम करते आहे. १ जानेवारी १९३५ ते ३१ डिसेंबर २०११ या काळात नव्या वनस्पतीचं नाव ग्राह्य धरलं जायला लॅटिनमधलं वर्णन किंवा ‘डायग्नोसिस’ (जवळच्या जातींहून वेगळेपण सांगणारं छोटं टिपण) लागायचं, त्यामुळे ते स्वतः लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली. २०१२ पासून इंग्रजीही चालतं. नाव मात्र अजून लॅटिनच्या साच्यातच बसवावं लागतं, म्हणून तुमचा प्रश्न आजही तितकाच कामाचा आहे. (लॅटिन शब्द मी लॅटिन उच्चाराप्रमाणे लिहितेय. तुमच्या लॅबमध्ये ‘रॅम्युलस’ म्हणत असतील, मी ‘रामुलुस’ लिहीन.)

सोपं रूप आधी घेऊ. रामुस म्हणजे फांदी, तिची डहाळी झाली रामुलुस. नोदुस म्हणजे गाठ, तिचं नोदुलुस. नामाच्या शेवटी -उस, -आ किंवा -उम असेल आणि त्याच्या आधी साधं व्यंजन असेल तर -उलुस, -उला, -उलुम लागतं. आधी व्यंजनाऐवजी ‘इ’ किंवा ‘ए’ स्वर असेल तर ‘उ’चा ‘ओ’ होतो : फोलिउम (पान) पासून फोलिओलुम (पर्णिका, म्हणजे संयुक्त पानातलं एकेक छोटं पान), ब्राक्तेआ (फुलाच्या बुडाशी येणारं पान) पासून ब्राक्तेओला, ग्लादिउस (तलवार) पासून ग्लादिओलुस. हारवाल्याकडे मिळणाऱ्या ग्लॅडिओलसची पानं पाहा, तलवारीसारखी उभी आणि टोकदार असतात. म्हणजे -ओलुस हे वेगळं शेपूट नाहीच, तेच -उलुस स्वरामागे आलं की असं दिसतं.

-एल्लुसचं गणितही तसंच आहे, आणि मराठी माणसाला ते फार लवकर समजतं. तत् + लीन म्हटलं की आपण ‘तल्लीन’ म्हणतो, ‘त्’ पुढच्या ‘ल’मध्ये विरघळतो. दुर्लभचं प्राकृतात दुल्लह झालं, तिथं ‘र्’ विरघळला. लॅटिनमध्ये मूळ शब्दात शेवटी ‘र’ किंवा ‘न’ असला की त्या ‘ल’शेजारी त्याचं हेच झालं. रोस्त्रुम म्हणजे चोच, तिचं रोस्तेल्लुम. लिबेर (पुस्तक) याचं लिबेल्लुस. कोरोना म्हणजे मुकुट. तो शब्द आपल्याला २०२० नंतर नको तितका पाठ झालाय, पण ‘को’ आणि ‘रो’ तसेच ठेवून ‘न’ विरघळवला की कोरोल्ला मिळतं, म्हणजे फुलाचा दलपुंज, सगळ्या पाकळ्या मिळून. छोटा मुकुट! लापिस म्हणजे दगड, त्याचं षष्ठीचं रूप लापिदिस. त्यातला ‘द’ विरघळून लापिल्लुस, खडा. दोन ‘ल’ दिसले की मागे कुठलं तरी व्यंजन गिळलं गेलंय असा संशय घ्यायचा. माझा तरी तो बहुतेक वेळा खरा ठरतो.

आता -कुलुस. इथेच विद्यार्थी सगळ्यात जास्त घसरतात, म्हणून इथं थोडं थांबते.

लॅटिन नामांचा एक मोठा गट असा आहे की त्यांचं प्रथमेचं रूप बघून मूळ अंग कळत नाही. त्यासाठी षष्ठीचं रूप लागतं, कोशात ते शेजारीच दिलेलं असतं. देन्स (दात), षष्ठी देन्तिस, म्हणून देन्तिकुलुस. होमो (माणूस), षष्ठी होमिनिस, पण छोटं रूप होमुन्कुलुस, कारण ‘न’वाल्या या गटात -उन्कुलुस असा जोड तयार झाला. आणि फ्लोस (फूल), षष्ठी फ्लोरिस. तुम्ही ‘फ्लोर’ धरून पुढे -उलुस लावलंत, तुमचा तर्क समजतो. पण लॅटिन लोक म्हणायचे फ्लोस्कुलुस. ‘स’ कुठून आला? तो मुळातच होता. दोन स्वरांच्या मध्ये सापडला तिथं त्याचा ‘र’ झाला, व्यंजनाशेजारी तो शाबूत राहिला. दुस् + आचार म्हणजे दुराचार, पण दुस् + तर म्हणजे दुस्तर. अगदी तीच गोष्ट. झाडासाठीचा आर्बोर हा शब्दही जुन्या लॅटिनमध्ये आर्बोस होता, म्हणून झुडपाला आर्बुस्कुला. मातीतल्या बुरशीच्या ‘आर्बस्क्युलर मायकोरायझा’ या नावात तो जुना ‘स’ अजून जिवंत आहे. मुळाच्या पेशीत शिरलेली ती बुरशी सूक्ष्मदर्शकाखाली खरोखर इवल्या झाडासारखी फांदारलेली दिसते.

याच्या उलट फसवणूक रादिकुला या शब्दात आहे. बीज रुजताना पहिलं बाहेर येणारं मूळ ते रादिकुला. दिसायला -कुला, पण रादिक्स (मूळ) याची षष्ठी रादिकिस; म्हणजे ‘क’ मुळाच्याच अंगातला, आणि शेपूट फक्त -उला. नुक्स (कवचाचं फळ), षष्ठी नुकिस, म्हणून नुकुला. शब्द कुठं तोडायचा हे शेपूट सांगत नाही, षष्ठी सांगते. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी एवढंच सांगते, कोशातली षष्ठी पाहिल्याशिवाय नावाला हात लावू नका.

आता तो भाग, ज्यासाठी मी हे उत्तर एवढं लांबवलं. काही शब्दांत हे शेपूट छोटेपणाचं नसतंच.

पावसाळ्यात साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर जाल तर हॅबेनॅरिया या जीनसमधली (जीनस म्हणजे जवळच्या जातींचा गट) एखादी आमरी, म्हणजे ऑर्किड, दिसेलच. तिचं एक फूल (तोडू नका, जमिनीवर बसून भिंगानं पाहा) नीट निरखा. एका पाकळीचं रूप इतरांहून वेगळं असतं, ती लाबेल्लुम : लाब्रुम म्हणजे ओठ, त्याचं छोटं रूप. मधल्या खांबाशी चोचीसारखा उंचवटा असतो तो रोस्तेल्लुम, छोटी चोच. पराग एकत्र चिकटून त्यांच्या गाठोड्या झालेल्या असतात, त्यांना खाली बारीक शेपटी असते ती काउदिकुला, काउदा म्हणजे शेपूट. आणि त्या शेपटीच्या टोकाला चिकट चकती असते, जी किड्याच्या अंगाला धरते. तिला जुन्या वर्णनांत रेतिनाकुलुम म्हणतात. चारही शब्दांचा शेवट सारखाच वाटतो. पण रेतिनाकुलुम म्हणजे छोटं काही नाही. त्याच्या मागे नाम नसून रेतिनेरे हा ‘धरून ठेवणे’ या अर्थाचा धातू आहे. रेतिनाकुलुम म्हणजे धरून ठेवणारं साधन. हे -कुलुम वेगळंच, ते धातूला लागून साधन किंवा जागा दाखवतं. शेवाळाच्या (मॉसच्या) बीजाणुधानीवरचं झाकण ओपेर्कुलुम, ते ओपेरीरे म्हणजे झाकणे यावरून. आपण रोज म्हणतो तो ‘करिक्युलम’ कुर्रेरे म्हणजे धावणे यावरून. यातलं काहीही छोटं नाही. पण तुबेर्कुलुम मात्र छोटंच : तुबेर म्हणजे गाठ, कंद, त्याची गुठळी. टीबीचं पूर्ण नाव त्याच गुठळीवरून पडलं.

म्हणून शेपूट बाजूला काढल्यावर उरतं काय, ते विचारा. वस्तू उरली (चोच, ओठ, गाठ) तर छोटेपणा. क्रिया उरली (धरणे, झाकणे, धावणे) तर साधन. लिंगाचाही थोडा आधार मिळतो. साधनवाचक -कुलुम बहुधा नपुंसकलिंगीच असतं. छोटेपणाचं शेपूट मात्र मूळ नामाचं लिंग पुढे चालवतं.

विशेषणांतही हाच सापळा आहे. सोसायट्यांच्या कुंपणाला लावतात त्या उंच, सरळसोट खोट्या अशोकाला नर्सरीवाले ‘पेंड्युला’ म्हणतात. पेन्दुलुस हे पेन्देरे म्हणजे लोंबणे या धातूवरून आलं आहे, फांद्या खाली लोंबतात म्हणून. चार मजली झाडाला ‘छोटं’ म्हणायचं कुणाच्या मनातही नव्हतं. पण पुबेरुलुस, हिस्पिदुलुस, पुल्केल्लुस ही विशेषणं मात्र खरोखर सौम्य केलेली आहेत : किंचित लवदार, किंचित राठ, गोजिरवाणं. कलौंजीचं निगेल्ला हे नावही निगेर म्हणजे काळा यावरूनच, ‘र’ विरघळून.

लिंगाबद्दल दोन शब्द, कारण इथं मराठी आपल्याला चुकीच्या बाजूला ओढते. आपण वस्तू लहान करायची असली की बहुधा तिचं लिंग बदलतो : डबा-डबी, सुरा-सुरी, दोर-दोरी, लोटा-लोटी. त्यामुळे लहान म्हटलं की आपला हात आपोआप -उलाकडे जातो, तान्हुली-छकुली कानात असतातच. लॅटिनमध्ये रामुस पुल्लिंगी तर रामुलुसही पुल्लिंगी, फोलिउम नपुंसकलिंगी तर फोलिओलुमही नपुंसकलिंगी. डब्याची डबी तिथं होत नाही. अपवाद आहेत, राना (बेडकी) स्त्रीलिंगी आणि रानुन्कुलुस पुल्लिंगी, पण असे शब्द मोजकेच. आमचे वनस्पतिशास्त्रज्ञ तर कधी कधी नियम मोडूनच शब्द घडवतात : काउदा पहिल्या गटातलं नाम, त्याचं काउदुला व्हायला हवं होतं, त्यांनी काउदिकुला केलं. एकदा रूढ झालेला शब्द मी सुधारत बसत नाही, तुम्हीही बसू नका.

नावात वापरताना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, शब्द नाम आहे की विशेषण. विशेषण असेल तर ते जीनसच्या लिंगाप्रमाणे बदलतं : पुबेरुलुस, पुबेरुला, पुबेरुलुम. नाम असेल तर बदलत नाही. प्राण्यांतलं उदाहरण जास्त लख्ख आहे. दोन शब्दी नावांची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसनं १७५८ मध्ये घरातल्या उंदराला ‘मुस मुस्कुलुस’ म्हटलं, उंदीर छोटा-उंदीर. त्याच वर्षी निळ्या देवमाशालाही त्यानं मुस्कुलुस हाच शब्द दिला. आज तो बालेनोप्तेरा या स्त्रीलिंगी जीनसमध्ये असूनही मुस्कुलुसचं मुस्कुला झालं नाही, कारण ते नाम आहे. आणि पृथ्वीवरच्या सर्वांत मोठ्या प्राण्याच्या नावात छोटेपणाचं शेपूट आहे, हेही लक्षात ठेवा. शब्द एकदा वस्तूचं नाव बनला की आकाराशी त्याचा संबंध सुटतो. पुष्कळ आमरींत ‘छोटा ओठ’ म्हणजे लाबेल्लुम हीच सगळ्यात मोठी पाकळी असते.

छोटेपणा नेमका कुणाचा, हेही पाहावं लागतं. सेर्रुलातुस म्हणजे ‘छोटं करवती पान’ नव्हे. सेर्रा म्हणजे करवत, सेर्रुला म्हणजे छोटी करवत, आणि सेर्रुलातुस म्हणजे कडेला बारीक करवतीचे दाते असलेलं. पान हातभर लांब असलं तरी ते सेर्रुलातुस असू शकतं, छोटे आहेत ते दाते.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी संयुक्त पानांच्या एका वनस्पतीच्या शीट्स (नमुने चिकटवलेले कागद) लावत होते. शेजारी एकोणिसाव्या शतकातलं वर्णन उघडं होतं. त्यात देठाची लांबी दिली होती तीन मिलिमीटर, आणि समोरच्या नमुन्याचा देठ चांगला चार सेंटिमीटर. मी ती शीट ‘वेगळी जात?’ अशी पेन्सिलची खूण करून बाजूच्या फोल्डरमध्ये टाकली. सात महिने ती तिथं पडून होती. मग एके दिवशी माझ्या वरिष्ठ मॅडमनी ते फोल्डर उघडलं, वर्णन वाचलं आणि काही न बोलता पट्टी उचलून एका पर्णिकेच्या इवल्याशा देठावर ठेवली. तीन मिलिमीटर. वर्णनात शब्द होता पेतिओलुलुस, आणि मी वाचला होता पेतिओलुस. पेतिओलुस म्हणजे अख्ख्या पानाचा देठ, पेतिओलुलुस म्हणजे पर्णिकेचा. एक ‘लु’ मी डोळ्यांनी गाळला होता. पेतिओलुस हाच मुळात ‘छोटा पाय’, त्यामुळे पेतिओलुलुस हे छोट्याचंही छोटं. असे दुहेरी शब्द आमच्या वर्णनांत बरेच आहेत आणि ते जिन्यासारखे वाचायचे असतात, प्रत्येक पायरीला अवयव बदलतो. उंब्रा म्हणजे सावली, तिची उंबेल्ला म्हणजे छत्री, कोथिंबिरीच्या फुलोऱ्याची. आणि त्या छत्रीच्या प्रत्येक काडीवर आणखी एक छोटी छत्री असते ती उंबेल्लुला. बाजारातून जुडी आणलीत आणि तिला फुलोरा असला तर हातात धरून पाहा, दोन्ही पायऱ्या स्पष्ट दिसतात.

तुम्ही जाता जाता विचारलंय की या शब्दांत ‘लाडही असतो का’. विज्ञानाच्या लॅटिनमध्ये तो उरलेला नाही, आकार आणि अवयव एवढंच उरलंय. पण रोमन लोकांच्या तोंडी तो होता, आणि त्याला धारही होती. रोमन वक्ता आणि राजकारणी सिसेरो आपल्या तुल्लिया या मुलीला पत्रांतून तुल्लिओला म्हणतो, आपण सोनुली म्हणू तसं. ती इ. स. पूर्व ४५ मध्ये वारली. तेव्हा सुल्पिकिउस या मित्रानं त्याला ग्रीसमधून सांत्वनाचं पत्र पाठवलं. उद्ध्वस्त झालेली मोठमोठी शहरं त्यानं समुद्रातून पाहिली होती. त्यांच्यापुढे एका मुलिएर्कुलाची आनिमुला ती काय, असं तो लिहितो. मुलिएर म्हणजे बाई, आनिमा म्हणजे प्राण. दोन्हींना तेच शेपूट लावलंय. बापाच्या शब्दात ते शेपूट माया दाखवतं, मित्राच्या शब्दात ‘एवढीशी बाई, एवढासा जीव’. मला ते वाक्य वाचून दर वेळी सिसेरोसाठी वाईट वाटतं. मराठीत सोनुला आणि कारकुंडा यांच्यासाठी आपण निदान दोन वेगळी शेपटं वापरतो. लॅटिनमध्ये माया आणि तुच्छता यांतलं काय हे बोलणाऱ्यावरून आणि प्रसंगावरूनच ठरवावं लागतं.

आता तुमच्या रोपाकडे येते.

‘फ्लोरुलुस’ नाव वनस्पतींच्या नावांची नियमसंहिता नाकारणार नाही. नावातला दुसरा, जातिवाचक शब्द कुठूनही घेता येतो, अगदी मनानं बनवलेलाही चालतो. पण मी तुमच्या जागी असते तर ते दिलं नसतं. एक तर फ्लोरुला हा शब्द आधीच वेगळ्या अर्थानं वापरात आहे, लहान टापूतल्या वनस्पतींच्या यादीला ‘फ्लोरुला’ म्हणतात. दुसरं, व्याकरणानं बरोबर असलेलं फ्लोस्कुलुस घेतलंत तरी आमच्या परिभाषेत तो शब्द झेंडू-सूर्यफुलाच्या बोंडातल्या एकेका पुष्पकासाठी ठरलेला आहे. आणि तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुम्हाला ‘छोटं फूल’ म्हणायचंच नाहीये, ‘छोट्या फुलांची’ म्हणायचंय. छोटेपणाचं नाम वस्तूला नाव देतं, गुण सांगत नाही. गुण सांगायला पार्विफ्लोरुस हे सरळ विशेषण आहे, तुमचं जीनस स्त्रीलिंगी आहे म्हणून पार्विफ्लोरा. पण हे नाव इतक्या जीनसमध्ये दिलं गेलंय की तुमच्या जीनसमध्येही आधीच घेतलेलं असण्याची शक्यता मोठी. आयपीएनआय या वनस्पतींच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय सूचीच्या संकेतस्थळावर जीनसचं नाव टाकून आधी तपासा. जुनं नाव आज चालू नसलं तरी ते रीतसर प्रकाशित झालेलं असेल तर त्याच जीनसमध्ये दुसऱ्या जातीला ते पुन्हा देता येत नाही.

तुम्ही जोडलेल्या फोटोत पानाच्या खालच्या बाजूला अगदी आखूड, उभी लव दिसते आहे. जवळच्या जातीचं पान तिथं गुळगुळीत असेल तर पुबेरुला हा शब्द तुमच्या रोपाला फुलांच्या आकारापेक्षा जास्त नेमका बसेल, कारण फुलं पावसावर आणि जमिनीवर लहानमोठी होतात, लवेचं तसं सहसा होत नाही. तरी एका फोटोवरून मी हे ठरवणार नाही. वेगवेगळ्या ठिकाणची दहा-बारा रोपं घ्या, पानाच्या दोन्ही बाजू दहापट भिंगाखाली पाहा, लवेची लांबी आणि फुलांची मापं एका तक्त्यात शेजारी-शेजारी लिहा, आणि तो तक्ता इथं टाका. मग नावाचं पाहू.